सबवूफरवरचा वॉटचा आकडा आणि आपले पैसे: चार मॉडेलांच्या निमित्ताने

घरासाठी सबवूफर (फक्त खालचे, खर्जाचे स्वर वाजवणारा स्पीकर) शोधायला निघालेल्या ग्राहकासमोर जे आकडे येतात, ते एकमेकांशी ताडून पाहणे सोपे नाही. पोल्कच्या पीएसडब्ल्यू-१० या १० इंची सबवूफरची सलग शक्ती ५० वॉट आणि क्षणिक शक्ती १०० वॉट अशी दिलेली असते. क्लिप्शच्या आर-१२०एसडब्ल्यू या १२ इंची सबवूफरचे हेच आकडे २०० आणि ४०० असे आहेत. एसव्हीएसचे एसबी-१००० प्रो आणि पीबी-१००० प्रो हे दोन्ही १२ इंची सबवूफर ३२५ वॉट सलग आणि ८२० वॉट क्षणिक शक्ती सांगतात. आणि याच बाजारात, यांतल्या बहुतेकांहून स्वस्त असा एखादा होम थिएटरचा संपूर्ण संच खोक्यावर १००० वॉट असे ठळक छापून विकायला ठेवलेला असतो. आकडा हाच निकष धरला तर तो शेवटचा संच सर्वांत जोरकस आणि सर्वांत किफायतशीर ठरेल. माझ्या मते या पाचांत सर्वांत आधी दम सोडणारा तोच आहे, आणि असे का होते हे समजले की उरलेल्या चारांचे मोलही नीट ठरवता येते.

वॉट हे विजेचे माप आहे, आवाजाचे नाही. ॲम्प्लिफायर स्पीकरच्या कॉइलला (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) किती विद्युतशक्ती पुरवू शकतो एवढेच त्यातून कळते. त्या शक्तीतून आवाज किती निघणार हे ड्रायव्हर (कॉइल आणि हवा ढकलणारा कोन मिळून होणारा भाग) आणि त्याची पेटी ठरवतात. घरगुती सबवूफरमध्ये पुरवलेल्या शक्तीचा साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी भाग ध्वनी होऊन बाहेर पडतो आणि बाकीची सारी शक्ती कॉइल तापवण्यात जाते. ९ वॉटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॉटच्या बल्बइतका उजेड देतो हे आता घराघरांत माहीत आहे, आणि दिवा घेताना लोक वॉटऐवजी ल्युमेन पाहू लागले आहेत. सबवूफर घेताना ती सवय अजून लागलेली नाही. शिवाय वॉट आणि डेसिबल यांचे नाते सरळ रेषेत वाढणारे नाही. शक्ती दुप्पट केली तर ध्वनिदाब ३ डेसिबलने वाढतो, दसपट केली तर १० डेसिबलने. खर्जातल्या चढउतारांना कान मध्यसप्तकापेक्षा अधिक तीव्र प्रतिसाद देतो हे खरे, तरी ३ डेसिबल हा तिथेही लहानच फरक आहे. म्हणजे बाकी सर्व काही सारखे असेल तर ५० वॉटांवरून ३२५ वॉटांवर गेल्याने, साडेसहा पट शक्तीच्या बदल्यात, हाती येतात ते ८ डेसिबल. आणि बाकी सर्व काही सारखे कधीच नसते.

मुळात आकडाही एक नसतो. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर काही वर्षे संगणकाच्या स्पीकरांवर पीएमपीओ नावाखाली हजारो वॉट छापले जात. त्या मापाला सर्वमान्य अशी कोणतीही पद्धत नव्हती, म्हणून त्याला कोणताही अर्थ नव्हता. सलग शक्ती, जिला व्यवहारात आरएमएस म्हणतात, ती निदान ठरावीक विद्युतविरोधावर आणि विकृतीच्या (मूळ आवाजात मिसळणाऱ्या भेसळीच्या) ठरावीक मर्यादेत मोजलेली असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये घरगुती ॲम्प्लिफायरच्या शक्तीच्या जाहिरातीसाठी नियम केला तो याच कारणाने, कारण तोपर्यंत जो तो आपल्याला सोयीचे वॉट सांगत होता. क्षणिक किंवा डायनॅमिक शक्तीचा आकडा पाहताना एवढे ध्यानात ठेवावे की शुद्ध साइन लहरीच्या शिखरावरची शक्ती तिच्या सरासरी शक्तीच्या बरोबर दुप्पट असते. पोल्कचे ५० आणि १००, क्लिप्शचे २०० आणि ४०० यांत हेच दुपटीचे प्रमाण दिसते. त्या दुसऱ्या आकड्याने माहितीत फारशी भर पडत नाही, म्हणून तुलना करताना तो बाजूला ठेवावा. या दोन कंपन्यांच्या बाजूने एवढे म्हणायला हवे की त्यांनी दोन्ही आकडे नावानिशी वेगळे दिलेले आहेत. १००० वॉटच्या संचात बहुधा तसे नसते. तिथे पाच-सहा वाहिन्यांची (प्रत्येक स्पीकरच्या स्वतंत्र मार्गांची) शक्ती एकत्र बेरीज करून दिलेली असते, प्रत्येक वाहिनी एकटी चालवून मोजलेली असते, आणि बारीक अक्षरांत विकृती १० टक्के असे लिहिलेले असते. १० टक्के विकृती म्हणजे ॲम्प्लिफायर आपली मर्यादा ओलांडून लहरीचे शेंडे छाटू लागला आहे, अशी अवस्था.

खोक्यावरच्या दाव्याची ढोबळ पडताळणी ग्राहक स्वतः करू शकतो. संच बाहेरच्या ॲडॉप्टरवर चालत असेल तर काम अगदी सोपे आहे: १२ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा ॲडॉप्टर ३६ वॉटच देतो, आणि त्याच्यावर चालणारा ॲम्प्लिफायर सलगपणे त्याहून जास्त शक्ती देऊ शकत नाही, मग खोक्यावर काहीही लिहिलेले असो. वीज थेट २३० व्होल्टवरून घेणाऱ्या सबवूफरच्या मागच्या पट्टीवर फ्यूजचे मान पाहावे. १ अँपिअरचा फ्यूज सलग २३० वॉटच्या पुढे फार काळ टिकणार नाही. मात्र त्याच पट्टीवर लिहिलेला वीजवापराचा आकडा जपून वाचावा. विद्युतसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात तो आकडा साधारणपणे कमाल शक्तीच्या एक अष्टमांशावर ॲम्प्लिफायर चालवून मोजतात, कारण संगीत आणि संवादांचा सरासरी भार तेवढाच असतो. त्यामुळे पट्टीवर वापर ६०-७० वॉट आणि खोक्यावर शक्ती ३०० वॉट असेल तर ते खोटे मानण्याचे कारण नाही. वापर ३० वॉट आणि दावा १००० वॉटचा असेल, तर मात्र तो दावा सोडून द्यावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सबवूफरचे काम हवा ढकलण्याचे आहे, आणि स्वर जितका खाली तितकी हवा जास्त ढकलावी लागते. स्वराची वारंवारिता, म्हणजे सेकंदाला किती कंपने, हर्ट्झमध्ये मोजतात; आकडा लहान तितका स्वर खालचा. बंद पेटीत ४० हर्ट्झला जेवढा ध्वनिदाब मिळतो तेवढाच २० हर्ट्झला हवा असेल तर कोनने चौपट हवा हलवली पाहिजे. ही हवा दोन गोष्टींच्या गुणाकारातून येते: कोनचे क्षेत्रफळ आणि तो मागेपुढे किती सरकू शकतो ते अंतर. १२ इंची ड्रायव्हरचे क्षेत्रफळ ८ इंची ड्रायव्हरच्या सुमारे सव्वादोन पट असते. म्हणजे ८ इंची ड्रायव्हरने त्याची बरोबरी करायची तर त्याचा कोन सव्वादोन पट अधिक लांब सरकायला हवा, आणि तसा ड्रायव्हर बनवणे महाग असते. ज्या क्षणी कोन आपल्या सरकण्याच्या मर्यादेला पोहोचतो, त्या क्षणी ॲम्प्लिफायरमध्ये कितीही वॉट शिल्लक असले तरी त्यांचा उपयोग संपतो. अगदी खालच्या खर्जात बहुतेक लहान सबवूफर वॉटअभावी नव्हे, तर याच कारणाने अडतात.

कानाची रचना ही अडचण आणखी वाढवते. २० हर्ट्झचा शुद्ध स्वर जेमतेम ऐकू येण्यासाठीच सुमारे ७८ डेसिबल ध्वनिदाब लागतो. ५० हर्ट्झला तोच उंबरठा ४४ डेसिबलच्या आसपास असतो. यातून एक परिणाम असा होतो, ज्याकडे खरेदी करताना क्वचितच लक्ष जाते. मर्यादेला पोहोचलेला सबवूफर २५ हर्ट्झच्या स्वरासोबत ५० आणि ७५ हर्ट्झचे विकृतीचे स्वरही काढतो, आणि कानाला मूळ स्वरापेक्षा ते भेसळीचे स्वरच अधिक स्पष्ट ऐकू येतात. दुकानात स्वस्त संच जोरात वाजवून दाखवतात तेव्हा जो धमक ऐकू येतो, त्यातला पुष्कळ भाग हा असतो. पहिल्या पाच मिनिटांत तो आवडतोही. घरी काही दिवसांनी मात्र सगळे स्फोट, सगळे ढोल आणि सगळी वादळे एकाच स्वरात गुरगुरतात हे लक्षात येते.

एसव्हीएसची जोडी या परीक्षणात मी मुद्दाम घेतली आहे. एसबी आणि पीबी या दोघांत १२ इंची ड्रायव्हर आहे, ॲम्प्लिफायरची शक्ती तीच आहे, नियंत्रणाचे ॲपही तेच आहे. फरक पेटीचा आहे. एसबीची पेटी बंद आहे, साधारण १३-१४ इंची घन आणि वजनाला १२ किलोच्या आसपास. पीबीच्या पेटीला पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची नळी, आहे, तिची उंची दीड फुटाहून जास्त, खोली त्याहूनही थोडी अधिक आणि आकारमान दुपटीहून जास्त. वॉट तेच असताना अगदी खालच्या खर्जात पीबी एसबीच्या पुष्कळ पुढे जातो, कारण पोर्टच्या वारंवारितेजवळ पोर्टमधली हवाच आवाज निर्माण करते आणि तिथे कोनला फार सरकावे लागत नाही. कंपनीच्या आकड्यांत एसबी २० हर्ट्झपर्यंत आणि पीबी १७ हर्ट्झपर्यंत जातो, आणि या तीन हर्ट्झांवरून दोघांतले अंतर किरकोळ वाटते; पण ते आकडे किती खोल जाता येते एवढेच सांगतात, तिथे किती जोरात वाजता येते हे सांगत नाहीत. मोठ्या हॉलमध्ये चित्रपट पाहणाऱ्याला खरा फरक त्या दुसऱ्या गोष्टीत जाणवतो. २०२० मध्ये ही जोडी अमेरिकेत बाजारात आली तेव्हा दोघांच्या किमतीत १०० डॉलरचे अंतर होते, आणि त्या १०० डॉलरांत एकही जादा वॉट मिळत नव्हता. तरीही जागा असलेल्यासाठी तो पैसा सत्कारणी लागलेला होता, असे माझे ठाम मत आहे.

यामागचे तत्त्व केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखले जाते: लहान पेटी, खोल खर्ज आणि चांगली कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, त्यांतल्या कोणत्याही दोनच निवडता येतात. आजचे लहान बंद सबवूफर लहान पेटी आणि खोल खर्ज निवडतात आणि कार्यक्षमतेवर पाणी सोडतात. बंद पेटीचा आवाज तिच्या अनुनादाच्या (ती आपसूक घुमते त्या वारंवारितेच्या) खाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरत जातो, आणि ही उतरण डिजिटल प्रक्रियेने भरून काढायची तर १२ डेसिबलसाठी १६ पट शक्ती लागते. म्हणून लहान डब्यावरचे मोठे वॉट पाहून भुलू नये; ती लहानपणाची किंमत आहे, जी ॲम्प्लिफायरने मोजलेली असते. त्यात कॉइल तापण्याचा भाग वेगळा. तांब्याचे तापमान १०० अंशांनी वाढले तर त्याचा विरोध जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतो, आणि तेव्हा त्याच व्होल्टेजला मिळणारा आवाज सुमारे ३ डेसिबलने खाली येतो. दुप्पट वॉट देऊन जेवढे कमावले, जवळपास तेवढे अर्ध्या तासाच्या जोरदार वाजवण्यात परत गेले, असा हा हिशेब आहे.

मग वॉटऐवजी पाहायचे काय? अमेरिकेतल्या ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने २००६ मध्ये सीईए-२०१० हे मानक आणले, आणि मला आजवर त्याहून उपयुक्त माप सापडलेले नाही. त्यात २० ते ६३ हर्ट्झमधल्या ठरावीक वारंवारितांवर थोड्या आवर्तनांचे लहान ध्वनितुकडे वाजवतात, विकृतीच्या ठरवून दिलेल्या मर्यादा ओलांडेपर्यंत आवाज वाढवत नेतात, आणि त्या टप्प्यावरचा ध्वनिदाब नोंदवतात. म्हणजे हा सबवूफर २५ हर्ट्झला स्वच्छपणे किती डेसिबल देतो, याचे थेट उत्तर मिळते. हे आकडे वाचताना एकच काळजी घ्यावी. काही परीक्षक १ मीटरवरचे शिखरमान देतात, काही २ मीटरवरचे आरएमएस मान. एकाच सबवूफरच्या या दोन आकड्यांत ९ डेसिबलचे अंतर पडते, त्यामुळे एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी थेट जुळवू नये. जिथे असे मोजमाप उपलब्ध नसते तिथे कंपनीने दिलेली वारंवारितेची खालची मर्यादा पाहावी, मात्र तिच्यापुढे उणे ३ डेसिबल किंवा अधिक-उणे ३ डेसिबल असे लिहिलेले हवे. नुसते २० हर्ट्झ ते २०० हर्ट्झ असे लिहिलेले असेल तर त्या २० हर्ट्झला आवाज २० डेसिबलने पडलेला असू शकतो. कमाल ध्वनिदाबाचा आकडा दिलेला असला तर तो कोणत्या वारंवारितेवरचा आणि कुठे ठेवून मोजलेला, हे विचारावे, कारण मोकळ्या जमिनीच्या तुलनेत दोन भिंतींच्या कोपऱ्यात तत्त्वतः १२ डेसिबल आयते मिळतात.

आपल्याला किती खोल जायचे आहे, हा प्रश्न किमतीच्या आधी सुटला पाहिजे. काळी एकच्या पट्टीतल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या जवळ असते, पियानोची पहिली पट्टी २७.५ हर्ट्झला. शास्त्रीय गायन-वादन, नाट्यसंगीत आणि भावगीते ऐकणाऱ्याला २० हर्ट्झसाठी पैसे मोजण्याचे काहीही कारण नाही. त्याला ४० ते ८० हर्ट्झचा टप्पा स्वच्छ आणि चटकन थांबणारा हवा, म्हणजे डग्ग्याची घुमक पुढच्या बोलावर सांडणार नाही. चित्रपटांचे वेगळे आहे. त्यांच्या खर्जाच्या स्वतंत्र वाहिनीत २० ते ३० हर्ट्झमध्ये बरेच काही ठेवलेले असते, आणि त्या वाहिनीला इतर वाहिन्यांहून १० डेसिबल जास्तीची मोकळीक दिलेली असते. सबवूफरवर खरा ताण येतो तो तिथे.

खोलीचा हिस्सा तर सबवूफरइतकाच मोठा आहे, आणि इथे परदेशी परीक्षणे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. अमेरिकेतली अनेक घरे लाकडी सांगाड्याची आणि जिप्समच्या पातळ भिंतींची असतात. त्या भिंती खर्ज थोडा शोषतात, थोडा बाहेर जाऊ देतात. आपल्याकडच्या विटांच्या भिंती आणि काँक्रीटचे स्लॅब तो आत कोंडून ठेवतात. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या १० बाय १२ फुटांच्या बंद खोलीत लहान सबवूफरही अपेक्षेहून खोल आणि भरीव वाजतो, पण त्याचबरोबर अनुनादही अधिक तीव्र होतात. १२ फुटांच्या लांबीत पहिला अनुनाद ४७ हर्ट्झच्या आसपास पडतो, १० फुटांत ५६ हर्ट्झच्या, १६ फुटांत ३५ हर्ट्झच्या. त्या वारंवारितेचा स्वर आला की खोली एकदम गुंजते आणि दोन पावले सरकून बसले की तोच स्वर नाहीसा होतो. कितीही वॉट घेतले तरी हा दोष जात नाही, उलट वाढतो. एसव्हीएसच्या ॲपमध्ये तीन पट्ट्यांचे पॅरामेट्रिक इक्वलायझर (निवडलेल्या वारंवारितेचा आवाज कमी-जास्त करण्याची सोय) आहे. त्यातली एक पट्टी नेमकी त्या अनुनादावर खाली ओढता येते, आणि काँक्रीटच्या खोलीत या एका सोयीचे मोल मी शंभर वॉटांहून जास्त धरतो. पोल्क आणि क्लिप्शच्या या मॉडेलांत ती नाही. ज्यांच्या एव्ही रिसीव्हरमध्ये (होम थिएटरच्या मुख्य ॲम्प्लिफायरमध्ये) खोलीनुसार दुरुस्तीची व्यवस्था आहे त्यांना ही उणीव जाणवणार नाही. इतरांनी निदान सबवूफर बसण्याच्या जागी ठेवून, खर्ज असलेली एखादी धून लावून, खोलीच्या कडेकडेने ओणवे फिरून कुठे आवाज सर्वांत समतोल येतो ते शोधावे आणि सबवूफर तिथे ठेवावा. याला काहीही खर्च नाही.

एवढ्या पार्श्वभूमीवर पोल्कचा पीएसडब्ल्यू-१० मला प्रामाणिक वस्तू वाटते. तो ४० हर्ट्झपर्यंत नीट पोहोचतो आणि तसेच सांगतो. लहान खोलीत, दोन लहान स्पीकरांच्या जोडीला, संगीतासाठी आणि दूरदर्शनच्या मालिकांसाठी त्याचे ५० वॉट पुरतात. त्याच्याकडून चित्रपटातल्या भूकंपाची अपेक्षा मात्र करू नये. ४० हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज झपाट्याने संपतो आणि जोर लावला तर पोर्टमधून हवेची फुसफूस ऐकू येऊ लागते. क्लिप्शचा आर-१२०एसडब्ल्यू अधिक-उणे ३ डेसिबलच्या मर्यादेत २९ हर्ट्झपर्यंत उतरतो. पोल्कच्या तुलनेत त्याची चौपट शक्ती ६ डेसिबलच देते, पण मोठा कोन आणि ते ११ हर्ट्झ खोल जाणे यांनी तो वेगळ्या वर्गात जातो. १२ बाय १६ च्या हॉलमध्ये मुख्यतः चित्रपट पाहणाऱ्या आणि फार खर्च करू न इच्छिणाऱ्या कुटुंबाला या चारांतून मी तोच सुचवेन. एसबी-१००० प्रो संगीत आणि चित्रपट दोन्ही समतोल ऐकणाऱ्यासाठी, ज्याच्याकडे जागा कमी आहे आणि खोली बंद करता येते अशासाठी आहे. हॉल स्वयंपाकघराकडे उघडा असेल तर त्या सगळ्या जागेचे घनफळ सबवूफरला भरावे लागते, आणि तिथे पीबीच घ्यावा.

आणखी एक पर्याय विक्रेते क्वचितच सांगतात. एकाच महाग सबवूफरऐवजी त्याच पैशात दोन साधे सबवूफर येत असतील आणि ठेवायला जागा असेल, तर अनेकदा दोन घेणे शहाणपणाचे असते. जवळजवळ ठेवलेले दोन सारखे सबवूफर एकाच्या तुलनेत ६ डेसिबल अधिक देऊ शकतात, तर एकाच सबवूफरचे वॉट दुप्पट केल्याने मिळतात ३. समोरासमोरच्या भिंतींशी ठेवले तर वाढ थोडी कमी होते, पण खोलीचे अनुनाद निवळतात आणि सोफ्यावरच्या चारही जणांना जवळजवळ सारखा खर्ज ऐकू येतो. मात्र खालची मर्यादा दोघांनी मिळूनही बदलत नाही: दोन पीएसडब्ल्यू-१० मिळून २५ हर्ट्झ वाजवणार नाहीत.

सदनिकेत राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांचा विचार खरेदीच्या वेळीच करावा, कारण खर्ज स्लॅबमधून खाली आणि भिंतीतून पलीकडे सहज जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सबवूफरखाली दाट रबराचा किंवा फोमचा जाड थर दिला तर जमिनीत थेट उतरणारी थरथर कमी होते. हवेतून जाणारा खर्ज त्याने अडत नाही, त्याला आवाज कमी करणे हाच उपाय आहे.

वस्तू किती वर्षे चालेल हाही किमतीचाच भाग आहे. सबवूफरमध्ये बहुधा आधी बिघडतो तो मागच्या पट्टीवरचा ॲम्प्लिफायर, म्हणून तो सुटा मिळतो का आणि दुरुस्ती आपल्याच शहरात होते का, हे वितरकाकडून लेखी घ्यावे. कोनच्या कडेचा पट्टा रबराचा असावा; फोमचा पट्टा मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत लवकर कुजून तुटतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून सबवूफर मागवण्याचा मोह होतो, कारण तिथल्या आणि इथल्या किमतींत मोठे अंतर असते. पण तिथे विकली जाणारी अनेक मॉडेल केवळ १२० व्होल्टवर चालतात आणि आपल्या २३० व्होल्टला जोडताच जळतात. मागच्या पट्टीवर दोन्ही व्होल्टेज छापलेले असल्याची खात्री झाल्याशिवाय मागवू नये, आणि १२ ते २० किलो वजनाच्या वाहतुकीचा खर्च, सीमाशुल्क आणि इथे लागू न होणारी हमी हे सगळे जमेस धरून मगच तुलना करावी.

विक्रेता परत घेण्याची मुदत देत असेल तर ती मुदत वापरावी. फोनवर स्वर निर्माण करणारे एखादे मोफत ॲप घेऊन, आवाज मध्यम ठेवून, ६० हर्ट्झपासून सुरुवात करून ५ हर्ट्झच्या पायऱ्यांनी २० हर्ट्झपर्यंत खाली यावे. स्वर हळूहळू क्षीण होत गेला तर काळजीचे कारण नाही, तो त्या सबवूफरचा नैसर्गिक उतार आहे. खाली येताना स्वर एकदम वरच्या पट्टीतला वाटू लागला, कोनमधून टकटक आली किंवा पोर्टमधून वारा ऐकू आला, तर आपल्या सबवूफरची खरी मर्यादा ती आहे असे समजावे. ती मर्यादा आपण जे ऐकतो त्याच्या वर येत असेल तर खोक्यावर कितीही वॉट असले तरी तो सबवूफर परत करावा.